फ्रॉइड सुरू करतोयस? आधी हान्सची केस घे

अरे मानसशास्त्रातल्या या फ्रॉइडच्या सगळ्या थिअऱ्या एकदम पाठ करत बसू नकोस, डोक्याचा भुगा होईल. एकच केस धर, 1909 ची. व्हिएन्नातला पाच वर्षांचा हान्स, घोड्यांना जाम घाबरायचा. फ्रॉइड म्हणतो घोडा म्हणजे बाप, तोंडाजवळचं काळं म्हणजे मिशी, झापडं म्हणजे चष्मा, आणि गंमत बघ, बहुतेक माहिती त्याला त्या बापाकडूनच मिळालेली! मग 1960 मध्ये वोल्पी आणि रॅकमन हे वर्तनवादी अभ्यासक म्हणाले, पोराने बस ओढणारा घोडा पडताना पाहिला, भीती तिथून बसली, साधं कंडिशनिंग, म्हणजे वाईट अनुभव घोड्याशी जोडला गेला. मला हेच पटतं, निदान तपासून तरी बघता येतं. पण परीक्षेच्या पेपरात फ्रॉइडला लगेच मोडीत काढू नकोस हां, आणि सेरोटोनिन, म्हणजे ते मेंदूतलं रसायन, इथे उगाच कोंबू नकोस.