राहता फ्लॅट कॉलेजला द्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा: "वय ६७, सरकारी बँकेतून निवृत्त, पेन्शन ४२ हजार. मिस्टर चार वर्षांपूर्वी गेले. कोथरूडचा टू बीएचके दोघांच्या नावावर होता, आता माझ्या नावावर आहे. एफडी आणि म्युच्युअल फंड मिळून ६० लाख. मुलगी औंधला, मुलगा बंगळुरूला. दोघांचं छान चाललंय. पुण्यातल्या ज्या कॉलेजने १९७७ साली माझी फी माफ केली, त्याला मृत्युपत्राने फ्लॅट द्यावा म्हणते. करू का?"

ताई, तुम्ही पाठवलेला त्या पावतीचा फोटो मी दोनदा मोठा करून पाहिला. जांभळ्या शाईत 'फी माफ' आणि खाली कारकुनाची फराटेदार सही. द्यायचं की नाही, यावर तुमच्याशी वाद घालायचा नाहीच. द्या. फक्त फ्लॅट नको.

मुळात तो पूर्ण तुमचा आहे का, तेच बघायला हवं. सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर तुमचं एकटीचं नाव लावलं, ते बहुधा नॉमिनी म्हणून. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मिस्टरांनी मृत्युपत्र केलं नसेल आणि सासूबाई त्यांच्याआधीच गेल्या असतील, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्या अर्ध्या हिश्श्याचे तीन सारखे वाटे होतात: तुमचा, मुलीचा, मुलाचा. म्हणजे तुमच्याकडे दोन तृतीयांश आणि मुलांकडे प्रत्येकी एक षष्ठांश. मुलांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिल्याशिवाय अख्खा फ्लॅट तुम्ही कुणालाच देऊ शकत नाही. मृत्युपत्रात तसं लिहिलंत, तर कॉलेज आणि तुमची मुलं एका घराचे भागीदार होऊन बसतील.

बरं, मुलांनी सही केली तरी संस्थेला त्या टू बीएचकेचं करायचं काय? विकायचा, एवढंच. आणि संस्था सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) असेल, तर तिला स्थावर मालमत्ता विकायला महाराष्ट्राच्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. तोवर मेंटेनन्स आणि मालमत्ता कर चालूच.

म्हणून पैसे द्या, आणि तेही आकडा न लिहिता टक्के लिहून. '२० लाख' लिहिलेत आणि पुढे आजारपणात, रात्रंदिवस बाई ठेवण्यात ठेवी ३० लाखांवर आल्या, तरी कॉलेजचे २० आधी निघतील आणि मुलांना उरेल ते मिळेल. 'देणी फेडून उरलेल्या ठेवी व फंडांच्या १५ टक्के' असं लिहिलं की जे काही उरेल त्याची वाटणी आपोआप नीट होते. ठेवींवर मुलगी नॉमिनी आहे असं तुम्ही लिहिलंय. मग मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणूनही तिलाच नेमा. बँक पैसे तिच्याच हातात देणार आहे.

नाव लिहिताना कॉलेजचं नको, ते चालवणाऱ्या संस्थेचं लिहा, नोंदणी क्रमांक आणि पॅनसकट. फर्ग्युसनला द्यायचं असेल तर घेणारी डेक्कन एज्युकेशन सोसायटी असते, तसं. शिवाय नावं बदलतात. १८५४ साली सुरू झालेलं आपलं पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज (सीओईपी) किती नावांनी ओळखलं गेलं, आणि २०२२ पासून ते विद्यापीठ आहे. 'किंवा तिची उत्तराधिकारी संस्था' हे चार शब्द घालाच.

करबचतीचं म्हणाल, तर मृत्युपत्राने दिलेल्या देणगीवर तुम्हाला एक रुपयाही वाचत नाही. अमेरिकेत माणूस कॉलेजला ठेवून जातो तेव्हा तिथला वारसा कर वाचतो. आपल्याकडे तो करच १९८५ मध्ये गेला. देणगीवरची आयकराची वजावट (जिला ८०जी म्हणतात) जिवंतपणी दिलं तरच, तीही जुन्या करप्रणालीत आणि दोन हजारांवर रोख दिली नाहीत तर.

मला विचाराल तर दरवर्षी ४० हजार आत्तापासूनच द्या. तुमच्या पेन्शनला ते झेपेल, आणि पैसे कुठे जातात ते डोळ्यांनी दिसेल. माझ्या कॉलेजात कुणीतरी आईच्या नावाने ठेवलेलं एक पारितोषिक होतं, ५१ रुपयांचं. ठेवलं तेव्हा त्यात वर्षाची पुस्तकं येत असतील. मला मिळालं तेव्हा प्रमाणपत्राची फ्रेमही त्यात आली नाही. सगळं व्याज दरवर्षी वाटून टाकलं की असंच होतं. समजा कॉलेजला दहा लाख मिळाले, तर त्यावर सात टक्क्यांनी ७० हजार येतात, त्यातले ४० वाटायचे आणि ३० मुद्दलात टाकायचे, ही अट मृत्युपत्रातच लिहा. 'फिजिक्सच्या मुलींसाठी' असं फार बारीक मात्र बांधू नका, उद्या तो विभागच बंद झाला तर? 'फी न परवडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी' पुरेसं आहे.

दोन साक्षीदार घ्या, लाभार्थींपैकी कुणी नको. सहीच्या दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत जोडा. नोंदणी सक्तीची नाही, पण करून टाका. आणि वकिलाकडे जाण्याआधी मुलगा येईल तेव्हा दोघांना बसवून ती पावती दाखवा. तुमच्या पत्रावरून वाटतं, त्यांनी ती अजून पाहिलेली नाही.