जेम्स नेस्मिथ: वाफेच्या घणामागचा हात

तुम्ही विचारलंय: "मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला आहे. पुस्तकात 'स्टीम हॅमर, जेम्स नेस्मिथ, १८३९' एवढीच ओळ आहे. हा माणूस कोण होता आणि त्याने आणखी काय केलं?"

मी पिंपरी-चिंचवड पट्ट्यात फोर्ज शॉपमध्ये, म्हणजे तापलेला धातू ठोकून घडवायच्या कारखान्यात, एकतीस वर्षं काढली. त्याआधी आयटीआयला धातू सपाट कापणाऱ्या शेपर मशीनवर हात बसवला. मी ज्यावर शिकलो ते शेपर आणि ज्याच्या ठोक्यांवर माझं घर चाललं तो हॅमर, ही दोन्ही यंत्रं एकाच माणसाच्या वहीतून आली, हे मला नोकरी लागल्यावर फार उशिरा कळलं. तेव्हापासून त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत आलोय, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

सुरुवात आडनावापासून करतो. नेस्मिथच्या घरात एक जुनी आख्यायिका सांगत. लढाईत हरलेला त्यांचा एक पूर्वज लोहाराच्या भट्टीत लपला, अंगावर चामड्याचा एप्रन चढवला आणि घण हातात घेतला. पण घण मारायची पद्धत बघूनच समोरच्याने ओळखलं आणि म्हणाला, "तू काही लोहार नाहीस." स्कॉटिश बोलीत 'ने स्मिथ' म्हणजे 'लोहार नव्हे'. त्यावरून आडनाव पडलं म्हणे. खरंखोटं देव जाणे, पण याच घराण्यातल्या माणसाने पुढे जगाला नवा घण दिला.

जेम्सचा जन्म १९ ऑगस्ट १८०८ रोजी एडिंबरोत झाला. वडील अलेक्झांडर नेस्मिथ हे नावाजलेले चित्रकार. कवी रॉबर्ट बर्न्सचं जे चित्र आपण सगळीकडे बघतो, ते त्यांनी १७८७ मध्ये काढलेलं. भाऊ पॅट्रिक चित्रकार, बहिणी चित्रकार. वडिलांना यंत्रांचाही नाद होता आणि घरातच त्यांची छोटी कामाची खोली होती, लेथसकट (लेथ म्हणजे वस्तू फिरवत कापायचं यंत्र). जेम्स तिथे वाढला. शाळेत त्याचा जीव रमेना. पण एका मित्राच्या वडिलांची लोखंडाची ओतशाळा होती, तिथे तो सुट्टीत जाऊन बसायचा. साचे कसे बांधतात, रस कसा ओततात, पाणी कसं देतात, हे सगळं त्याने तिथे बघूनबघून उचललं. पुढे घरी आपल्या झोपायच्या खोलीतल्या शेगडीवर तो पितळ वितळवायचा. सतरा वर्षांचा असताना वाफेच्या इंजिनाची चालती मॉडेलं करून विकत होता आणि त्या पैशांतून शिकत होता.

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. नेस्मिथला डोक्यातलं कागदावर उतरवता येत होतं, तेही झरझर. चित्रकार बापाने हात आणि डोळा एकत्र चालवायला शिकवलं होतं. रेखाटन ही इंजिनिअरची बाराखडी आहे, असं तो मानायचा. तुम्हाला ड्रॉइंगचा तास कंटाळवाणा वाटत असेल, तर वाफेच्या घणाची गोष्ट वाचताना ते आठवा.

१८२७ च्या सुमारास त्याने रस्त्यावर धावणारी वाफेची गाडी केली. आठ माणसं बसवून ती एडिंबरोजवळच्या क्वीन्सफेरी रस्त्यावर काही महिने धावली. धंदा म्हणून त्यातून काही निघालं नाही. मग १८२९ मध्ये तो लंडनला गेला, हेन्री मॉड्स्ले या त्या काळच्या सर्वांत मोठ्या यंत्रकाराकडे. स्क्रू कापायचा अचूक लेथ ज्याच्यामुळे रूढ झाला, तोच हा मॉड्स्ले. त्याने शिकाऊ मुलं घेणं बंद केलं होतं, तसं सांगूनही टाकलं. पण कारखाना दाखवताना बॉयलरखालची राख काढणारा एक माणूस दिसला, तेव्हा नेस्मिथ म्हणाला की मला इथे राख काढायला ठेवलंत तरी मी आनंदाने राहीन. म्हाताऱ्याने त्याच्याकडे वळून बघितलं. दुसऱ्या दिवशी मॉडेल आणि ड्रॉइंग घेऊन ये म्हणाला, आणि ती बघून त्याला थेट आपल्या खासगी कामाच्या खोलीत मदतनीस म्हणून घेतलं. पगार आठवड्याला १० शिलिंग.

वडिलांकडून एक पैसा मागवायचा नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. म्हणून त्याने स्वतःच एक शेगडी बनवली. खाली तेलाचा दिवा, वर भांडं. सकाळी मांस-भाजी चढवून कामावर जायचं, संध्याकाळी आलं की जेवण तयार. एका जेवणाचा खर्च साडेचार पेन्स. बाहेरगावी खोली घेऊन राहणाऱ्या आपल्या मुलांना हे वेगळं सांगायला नको.

मॉड्स्लेकडे असतानाच त्याने नटचे सहा पैलू एकसारखे कापणारं यंत्र बनवलं. आधी ते काम कानस घेऊन हाताने चालायचं. १८३१ च्या फेब्रुवारीत मॉड्स्ले वारला आणि काही महिन्यांनी नेस्मिथ घरी परतला, स्वतःची यंत्रं स्वतः तयार करण्यासाठी. १८३४ मध्ये मँचेस्टरला एका जुन्या कापड गिरणीतला मजला त्याने भाड्याने घेतला. हाताशी भांडवल ६३ पौंड. खालच्या मजल्यावर काच कापणारा भाडेकरू होता. एका मोठ्या इंजिनाचा भाग जमीन फोडून थेट त्याच्या काचेच्या मालावर गेला, तेव्हा जागा बदलणं भागच पडलं. १८३६ मध्ये शहराबाहेर पॅट्रिक्रॉफ्टला ब्रिजवॉटर फाउंड्री उभी राहिली. एका अंगाने ब्रिजवॉटर कालवा, दुसऱ्या अंगाने लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे. माल यायलाही सोय, जायलाही. होलब्रुक गॅस्केल हा भागीदार हिशेब आणि व्यवहार बघायचा.

शेपर याच वर्षीचं. त्याने त्याला 'पोलादी हात' म्हटलं. रॅम, म्हणजे हत्यार धरणारा सरकता भाग, पुढे जाताना धातू कापतो, मागे येताना रिकामा येतो. सपाट पृष्ठभाग, चावीची खाच, अशी कामं. आज कारखान्यातून ते जवळजवळ गेलं, पण तुमच्या कॉलेजच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात एखादं नक्की असेल. जाऊन बघा.

१८३८ चं काम मात्र पुस्तकात येत नाही, आणि मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं. ओतशाळेत तापलेल्या रसाची मोठी लेडल, म्हणजे रस ओतायचं भांडं, तिरकी करायला बरीच माणसं लांब दांडे धरून उभी राहायची. एकाचा पाय घसरला की रस अंगावर. मी स्वतः उमेदवारीच्या काळात एका ओतशाळेत रसाचा शिंतोडा उडून सोबत्याचं पाऊल जळताना बघितलंय, तो वास अजून नाकातून गेलेला नाही. नेस्मिथने लेडलला वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला दांडा) आणि त्यात अडकणारं दातेरी वर्मचाक बसवलं. एक माणूस चाक फिरवतो, लेडल हळूहळू कलते आणि सोडलं तरी आहे तिथेच थांबते. पेटंट घेतलं असतं तर पैसा मिळाला असता. त्याने घेतलं नाही. ड्रॉइंग काढून ओतशाळांना पाठवून दिली.

आता तुमच्या पुस्तकातली ती ओळ. इंजिनिअर ब्रुनेलच्या 'ग्रेट ब्रिटन' या अवाढव्य जहाजासाठी सुमारे ३० इंच व्यासाचा, पॅडलची चाकं फिरवणारा शाफ्ट घडवायचा होता, आणि एवढं काम घ्यायला कोणतीही भट्टी तयार नव्हती. जहाज कंपनीचा इंजिनिअर फ्रान्सिस हम्फ्रीज याने नेस्मिथला पत्र लिहिलं. त्या वेळचे मोठे घण म्हणजे दांड्याला बसवलेलं लोखंडी डोकं. चाकावरचे दाते दांडा उचलायचे आणि सोडायचे. उचल ठरावीक. त्यामुळे घडवायचा तुकडा (जॉब) जितका जाड, तितकं ऐरण आणि घणामधलं अंतर कमी, म्हणजे ठोकाही तितकाच हलका. जिथे जोराची गरज सर्वांत जास्त, तिथेच तो मिळत नव्हता. नेस्मिथने दांडाच काढून टाकला. वर उलटं सिलिंडर, पिस्टनच्या दांड्याला खाली लोखंडाचा ठोकळा. वाफ पिस्टनखाली सोडली की ठोकळा वर जातो, वाफ मोकळी केली की स्वतःच्या वजनाने सरळ खाली येतो. वाफ आवरली की ठोकाही आवरतो. २४ नोव्हेंबर १८३९ ही तारीख त्याच्या वहीतल्या त्या रेखाटनावर आहे. पत्र वाचून अर्ध्या तासात हे सगळं कागदावर उतरलं, असं तो सांगतो.

मग ब्रुनेलने पॅडल सोडून पाण्याखाली फिरणारा पंखा (प्रोपेलर) लावायचं ठरवलं आणि त्या शाफ्टची गरजच उरली नाही. रेखाटन वहीत पडून राहिलं. मधल्या काळात फ्रान्समधल्या ल क्रूझो कारखान्याचे श्नायडर आणि त्यांचा इंजिनिअर बूर्दों पॅट्रिक्रॉफ्टला येऊन गेले. नेस्मिथ गावाला गेला होता, गॅस्केलने पाहुण्यांना वही दाखवली. १८४२ मध्ये नेस्मिथ ल क्रूझोला गेला. तिथला एक मोठा क्रँकशाफ्ट बघून त्याने विचारलं, हा घडवला कसा? बूर्दों म्हणाला, तुमच्याच घणाने. नेऊन दाखवलाही. परत आल्याआल्या, जूनमध्ये, नेस्मिथने पेटंट घेतलं. बूर्दोंने पुढे कल्पना आपली स्वतःची असल्याचं सांगितलं आणि फ्रान्समध्ये ते आजही मानतात. दोघांनाही तीच अडचण छळत होती, तेव्हा दोघांनाही सुचलं असेल हे मला अशक्य वाटत नाही. शिवाय घण आपोआप चालवणारी व्हॉल्व्हची रचना रॉबर्ट विल्सनची. तो पुढे याच कारखान्यात मालकीत आला. परीक्षेत त्याचंही नाव लिहा.

पाहुण्यांना दाखवायचं ठरलेलं प्रात्यक्षिक असं: वाइनच्या ग्लासात अंडं ठेवायचं, घण अलगद उतरवायचा, अंड्याचं कवच फुटेल पण ग्लासला तडा नाही. पुढचा ठोका पूर्ण ताकदीचा, आणि आजूबाजूची जमीन हादरायची. हॅमरवर चांगला ऑपरेटर असेल तर हे खरंच होतं. आमच्याकडे एक जण आगपेटी मिटवून दाखवायचा.

याच तत्त्वावर त्याने खांब ठोकायचं यंत्र केलं. डेव्हनपोर्टच्या गोदीत जुन्या पद्धतीशी पैज लागली. खांब ७० फूट लांब, १८ इंच चौरस. वाफेच्या यंत्राने तो साडेचार मिनिटांत बसवला; हाताच्या यंत्राला बारा तासांहून जास्त लागले. १८५६ पर्यंत कारखान्यातून ४९० घण बाहेर पडले होते, रशियापासून हिंदुस्थान आणि ऑस्ट्रेलियापर्यंत. रेल्वेची इंजिनंही निघत, पण कारखान्याचं नाव झालं ते घणाने.

एक बाजू मात्र सांगायलाच हवी, कारण मी कामगार होतो. सात वर्षं उमेदवारी केलेल्यांनाच कुशल कामावर घ्या, ही कामगार संघटनेची अट नेस्मिथने धुडकावली. १८३६ च्या संपात स्कॉटलंडहून माणसं आणली, नंतर साध्या मजुरांना यंत्रावर चढवलं. पुढे सरकारी आयोगापुढे त्याने साक्ष दिली की आपोआप चालणाऱ्या यंत्रांमुळे प्रौढ कामगार १५०० वरून ७५० वर आणता आले आणि नफा बराच वाढला. कार्ल मार्क्सने हीच साक्ष आपल्या ग्रंथात घेतली. मला हे वाचून फार त्रास झाला. बोटांनी शिकल्याशिवाय इंजिनिअर होत नाही असं म्हणणारा हाच माणूस. त्याच्या यंत्रांनी साडेसातशे जणांच्या हातांचं काम काढून घेतलं आणि त्याला त्यात नफा दिसला. राख काढायला तयार झालेला मुलगा ज्या दारातून आत शिरला, तसं दार त्या साडेसातशे जणांना कुठे होतं? लेडलचं वर्मचाक आणि ही साक्ष दोन्ही त्याचीच, आणि मी दोन्ही लक्षात ठेवतो.

१८५६ अखेर, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्याने कारखाना सोडला. पुरेसं कमावलं, आता तरुणांना संधी मिळू दे, असा त्याचा विचार. केंटमध्ये पेन्सहर्स्टला घर घेतलं आणि त्याचं नाव 'हॅमरफील्ड' ठेवलं. पत्नी ॲन आणि दुर्बिणी, एवढा संसार.

दुर्बिणींचा नाद आधीपासूनचा. पॅट्रिक्रॉफ्टला तो रात्री झोपायच्या कपड्यांतच दुर्बीण उचलून बागेत यायचा, आणि कालव्यावरच्या एका नावाड्याने ते बघून पांढरं भूत शवपेटी घेऊन फिरतंय अशी आवई उठवली होती. पुढे २० इंची आरशाच्या दुर्बिणीत त्याने एक तिसरा, सपाट आरसा घातला. दुर्बीण ज्या पोकळ आसावर वरखाली फिरते, त्या आसातूनच प्रकाश बाहेर येतो. बघणाऱ्याने खुर्चीत बसून राहायचं, शिडीवर चढायचं नाही. हवाईमधल्या केक दुर्बिणींवर आणि चिलीमधल्या मोठ्या दुर्बिणींवर अवजड उपकरणं आजही याच जागी बसवतात, आणि त्या जागेला नेस्मिथ फोकसच म्हणतात. लेडल काय, दुर्बीण काय, माणसाचे कष्ट कसे वाचतील याकडे त्याचा डोळा होता. ७ मे १८९० ला तो लंडनमध्ये वारला.

चंद्र तो वर्षानुवर्षं बघत आणि रेखाटत आला होता. १८७४ मध्ये जेम्स कार्पेंटरबरोबर त्याने चंद्रावर पुस्तक काढलं. तेव्हा दुर्बिणीतून असे बारकाईचे फोटो मिळत नसत. म्हणून त्याने आपल्या रेखाटनांवरून चंद्राच्या डोंगर-विवरांची प्लास्टरची मॉडेलं घडवली, त्यांवर तिरका उजेड टाकला आणि त्यांचे फोटो छापले. चंद्र आतून आक्रसत गेला आणि वरचं कवच सुरकुतलं, त्यातून डोंगर झाले, असं त्याचं म्हणणं होतं. आज ते कोणी मानत नाही. ते समजावून द्यायला त्याने एका पानावर दोन फोटो शेजारीशेजारी ठेवले आहेत: एक सुकून सुरकुतलेलं सफरचंद, आणि एक म्हाताऱ्या माणसाचा हात, मागच्या बाजूने, शिरा आणि सुरकुत्यांसकट.