अंबाडीला अंधार हवा

प्रश्न : मार्चमध्ये गच्चीवर मोठ्या कुंडीत लाल अंबाडीचं बी टोचलं. झाड खांद्याला लागलं, पानांची भाजी चारदा झाली, पण सप्टेंबर संपत आला तरी फूल नाही. दर महिन्याला शेणखत घालते. कुंडी जिन्याच्या दिव्याखाली आहे, रात्री पाणी घालायला सोयीचं पडतं. झाड भाकड निघालं का? उपटू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : उपटू नका हो ताई! अंबाडी स्वतःचं वय बघत नाही, रात्र बघते. दिवस आखडले की तिला कळ्या सुटतात. आमच्या यवतमाळकडं मृगात पेरलेली आणि तुमची मार्चमधली, दोन्ही ऑक्टोबरच्या आसपासच फुलायच्या.

गडबड आहे ती त्या दिव्याची. एक साल आमच्या कुंपणाला नऊ झाडं होती. आठ लालभडक, अन् रस्त्यावरच्या खांबाच्या उजेडातलं नववं नुसतं हिरवंगार. सासूबाईंनी दृष्ट काढली, मिरच्या जाळल्या. दिवाळीत खांबावरचा दिवा गेला, तो कोणी बदलला नाही, आणि जानेवारीत त्या झाडालाही बोंडं! मिरच्यांचं श्रेय मात्र सासूबाईंनी शेवटपर्यंत सोडलं नाही. तेव्हा कुंडी अंधारात सरकवा. शेणखत आता बंद करा, त्यानं पानंच माजतात. शेंडेही खुडू नका.

फूल फिकट पिवळं, मध्ये गडद लाल डोळा. सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटतं. आपल्याला खायची ती त्याच्याखालची मांसल लाल वाटी. फूल गळल्यावर दोन-तीन आठवड्यांत बोंड हातानं कटकन तुटतं, तेव्हाच काढा. निबर झालं की कात्री लागते अन् चवही जाते. देठाकडून गोल चीर देऊन आतला हिरवा बियांचा गोळा ढकलून बाहेर काढा.

चटणीला वाटीभर बोंडं तेलात मऊ करा. लसूण, जिरं, लाल मिरची, मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालून जाडसर वाटा. लोखंडी कढई घेऊ नका. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी घेतली होती. चटणी शाईसारखी काळी झाली आणि पंगतीत सगळे माझ्याकडेच बघत होते. स्टीलचं पातेलं घ्या.

दोन बोंडं झाडावरच वाळू द्या, बियाण्याला. पुढच्या वर्षी मात्र जूनमध्येच टोचा.