‘बहिर्जी’ आला कुठून?

प्रश्न असा आहे. घरात मुलाचं नाव बहिर्जी ठेवायचं घाटत आहे. आजीला ते पसंत नाही. ‘पोराला जन्मभर बहिरा म्हणून हाका मारणार का?’ असं तिचं म्हणणं. वडिलांनी मात्र कुठेतरी वाचलंय की ‘बहिर्’ म्हणजे बाहेर, आणि हेर हा बाहेर हिंडणारा, म्हणून शिवरायांच्या हेरप्रमुखाला बहिर्जी हे नाव पडलं. यातलं खरं काय? नाव बहिर्जी लिहायचं की बहिरजी? आणि आज हे नाव कुणी ठेवतं का?

आजी आणि वडील, दोघांचीही व्युत्पत्ती चुकली आहे. बहिर्जी म्हणजे भैरव. काळभैरव, भैरवनाथ, भैरोबा म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्याच देवाचं हे माणसाला दिलेलं नाव आहे.

भैरवचा बहिर कसा झाला, ते तोंडाने म्हणून बघितलं की पटतं. ‘ऐ’ हा मुळात अ आणि इ यांचा जोडस्वर. भैरव जरा सैल सोडून म्हणा: भइरव. आता ‘भ’ म्हणजे ब आणि त्यात मिसळलेला ह. घाईच्या बोलण्यात हा ह आपली जागा सोडतो आणि पुढच्या इ-ला जाऊन चिकटतो. भइरव, बहिरव. झालं. ही ओढूनताणून जुळवाजुळव वाटत असेल तर आपल्या घरातलाच शब्द घ्या: बहीण. संस्कृत भगिनी, प्राकृतात भइणी, मग बहिणी आणि मराठीत बहीण. भ फुटून ब-ह होण्याची तीच तऱ्हा. बहिणाबाई आणि बहिर्जी ही दोन नावं एकाच वाटेने आलेली आहेत म्हणा ना.

ही वाट एकेरीही नाही. घाटावर ‘बाहेर’ म्हणतात, मालवणीत तोच शब्द ‘भायर’ होतो. इथे ब आणि ह पुन्हा एकत्र येऊन भ झाला. देवाचं नावही असंच दोन्हीकडे सापडतं. रत्नागिरीचं ग्रामदैवत श्री देव भैरी. शिमग्याला त्याची पालखी निघते. कर्जतच्या बाजूला ढाकच्या कड्यातल्या गुहेत बसलेला देव मात्र बहिरी, आणि डोंगर भटकणारी मंडळी तो कडा ‘ढाकचा बहिरी’ म्हणूनच ओळखतात. देव तोच, ह तेवढा कुठे आत तर कुठे बाहेर.

पुढची गंमत शेवटच्या ‘व’ची. केशवचा केसो झाला, माधवचा माधो, यादवचा जादो. त्याच न्यायाने बहिरवचा बहिरो. त्याला ‘बा’ लावला की देव, बहिरोबा. ‘जी’ लावला की माणूस, बहिरोजी किंवा आखूड करून बहिरजी. ‘पंत’ लावला की बहिरोपंत. विदर्भात हाच व ओठ मिटून म झाला आणि बहिरम तयार झाला. अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार तालुक्यात बहिरमची मोठी यात्रा भरते ती याच देवाची. महिपतींच्या भक्तिविजयात पैठणचा बहिरंभट येतो, तोही नावापुरता भैरवभटच.

‘बा’ आणि ‘जी’ची ही जोडी जुन्या मराठी नावांत फार देखणी दिसते. देव खंडोबा, माणूस खंडोजी. देव विठोबा, माणूस विठोजी. देव बहिरोबा, माणूस बहिरोजी. लाडाने किंवा आदराने माणसालाही बा लागतो, शिवबा आणि तुकोबा आहेतच. पण मराठी माणूस देवाला सहसा जी लावत नाही. (हल्ली ऐकू येणारं ‘गणेशजी’ हे हिंदी मालिकांचं देणं.) म्हणून जुन्या कागदात एखादं ‘-जी’चं नाव दिसलं की आधी त्याच्या पोटात कोणता देव आहे ते शोधावं. बऱ्याचदा सापडतो.

आता वडिलांचं ‘बहिर्’. संस्कृतात बहिस् म्हणजे बाहेर, आणि पुढे विशिष्ट वर्ण आले की त्याचा बहिर् होतो: बहिर्मुख, बहिर्गोल, बहिर्जगत. बहिर्जगत शेजारी बहिर्जी लिहिलं की दोन्ही सख्खे भाऊ वाटतात, हे मान्य. सगळा घोटाळा त्या रफाराने केलाय. पण हे ‘बहिर्’ काही नाम नाही, आणि आपला ‘जी’ लागतो तो नावाला. अंतर्जी, पुनर्जी असं कुणाचं नाव ऐकलंय?

आणखी एक साधी गोष्ट. नाव बारशाला ठेवतात. पाळण्यातला मुलगा पुढे हेर होणार हे आत्याला कुठून कळणार? टोपणनाव असतं तर गोष्ट वेगळी होती, पण हे टोपणनाव नाही, कारण हेरगिरीशी काही संबंध नसलेल्या माणसांचंही ते आहे. संताजी घोरपड्यांच्या भावाचं नाव बहिर्जी. राजाराम महाराजांनी त्याला ‘हिंदुराव’ हा किताब दिला; तो उघड्या मैदानात लढणारा सरदार होता. बाळाजी विश्वनाथांच्या आधी पेशवे असलेले पिंगळे म्हणजे बहिरोपंत, मोरोपंतांचे चिरंजीव. १७१३ मध्ये ते कान्होजी आंग्र्यांच्या कैदेत पडले आणि पेशवाईची वस्त्रं बाळाजी विश्वनाथांकडे गेली. याच गृहस्थांचं नाव काही ठिकाणी भैरोपंत किंवा भैरोजी असंही लिहिलेलं आढळतं. एकाच माणसाला बहिरो आणि भैरो ही दोन्ही रूपं चालतात, याहून सरळ पुरावा मला तरी नको.

खुद्द हेरप्रमुखांबद्दल सांगायचं तर सभासदाच्या बखरीत सुरतेच्या प्रकरणात त्यांचं नाव बहिरजी जाधव असं येतं. सुरतेवरची ती पहिली स्वारी जानेवारी १६६४ची. ‘नाईक’ हा हुद्दा. आपण आज तो आडनावासारखा वापरतो आणि बहिर्जी नाईक म्हणतो. सांगली जिल्ह्यात बाणूरगडावर त्यांची समाधी दाखवतात.

आजीच्या ‘बहिऱ्या’ची गोष्ट निराळी. तो आला संस्कृत बधिर या शब्दापासून. दोन स्वरांमधला ध झिजून ह झाला, जसा दधिचं दही किंवा गोधूमचा गहू. बधिर, बहिर, बहिरा. म्हणजे तीन वेगवेगळे शब्द, भैरव, बधिर आणि बहिस्, झिजत झिजत जवळपास एकाच आकाराला येऊन थांबले. नदीतले गोटे असतात तसे. चौथाही एक आहे, बहिरी ससाणा. तो ना बहिरा, ना भैरवाचा. हिंदी-उर्दूत त्या पक्ष्याला ‘बहरी’ म्हणतात, त्याच शब्दाचं हे मराठी रूप. त्यावर एकदा सवडीने लिहायला हवं.

अर्थ विचाराल तर भैरव म्हणजे भय वाटावं असा. भीरु म्हणजे भित्रा आणि भैरव म्हणजे भिववणारा, दोन्हींच्या मुळाशी धातू एकच, ‘भी’. पण गावाला तो भिववणारा वाटत नाही, राखणदार वाटतो. काशीत काळभैरव हा कोतवाल. त्याचं दर्शन घेतल्याशिवाय काशीयात्रा पुरी झाली असं मानत नाहीत. आपल्याकडे तो गावाचा, शिवाराचा क्षेत्रपाळ, सोबत बहुतेक वेळा जोगेश्वरी. बहिरवाडी, बहिरोबावाडी ही गावांची नावं याच राखणीची खूण. मुलाला त्याचं नाव द्यायचं ते ‘याच्याकडे तू लक्ष ठेव’ म्हणून. राजस्थानात हाच देव भैरों झाला. २००२ ते २००७ या काळात उपराष्ट्रपती असलेले भैरोंसिंह शेखावत नावाने बहिर्जींचे चुलतभाऊच लागतात.

मग हे नाव मागे का पडलं? एक कारण सगळ्याच ‘-जी’ नावांना लागू आहे. घरात येसाजी, रायाजी असायचे, तिथे पुढच्या पिढ्यांत सुरेश, प्रकाश आले आणि आता रुद्र, शिवांश. पण शिवाजी, संभाजी, तानाजी ही नावं या लाटेतही तगली, कारण त्यांच्यामागे थोरांची आठवण होती. बहिर्जी नाईकांची कीर्ती काही कमी नाही, तरी त्यांचं नाव पाळण्यापर्यंत फारसं पोचलं नाही. माझा अंदाज असा की त्यांना आड आला तो आजींचाच शब्द. मराठी कानाला बहिर ऐकलं की देव आठवत नाही, कान आठवतो. भैरू हे रूप या तावडीतून सुटलं, म्हणून कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात वयस्कर भैरू अजून भेटतात. भैरव हे संस्कृत रूप तर आता शहरातही कुणी कुणी ठेवतं.

तेव्हा आजी अर्थाबाबत चुकल्या असल्या तरी शाळेतल्या पोरांबाबत बरोबर आहेत. चिडवणारे चिडवतील. माझं मत विचाराल तर तुमच्या घरचा किंवा गावचा देव भैरवनाथ असेल तर बहिर्जी जरूर ठेवा. नावाला घरातच आधार असला की मुलगा उत्तर द्यायला लवकर शिकतो. तसं काही नसेल आणि केवळ नाईकांच्या पराक्रमासाठी ठेवायचं असेल, तरी त्यात गैर काही नाही, फक्त ‘बाहेर हिंडणारा’ हा अर्थ त्याला शिकवू नका.

राहिलं लेखन. व्युत्पत्तीप्रमाणे बहिरजी बरोबर. र-मधला अ आपण उच्चारत नाही, पण मराठीत असा न उच्चारलेला अ लिहिताना तसाच ठेवतो. सरकार लिहितो, सर्कार लिहीत नाही. तरी बहिर्जी हे रूप आता इतकं रुळलंय की ते चूक म्हणणं हा हट्ट होईल, आणि मीही वर तेच लिहीत आलो आहे. कोणतंही एक निवडा. मात्र जन्मदाखल्यावर जे लिहाल तेच शाळेच्या दाखल्यावर आणि आधारवर येईल, एवढं बघा. रफाराचं एक आणि रफाराविना दुसरं असं झालं, तर मुलाला पुढे कचेरीत आपण एकच माणूस आहोत हे प्रतिज्ञापत्र करून सांगावं लागेल.