शैलींची ओळख आणि पुढची वाट

सप्रेम नमस्कार. अकरावी विज्ञान शाखेची परीक्षा दिलेली आपली मुलगी सुट्टीत दोन आठवड्यांच्या नाट्यशिबिराला जाऊ इच्छिते आणि तेथे तमाशा, संगीत नाटक, मुखवट्यांचा अभिनय, जर्मन नाटककार ब्रेख्तची पद्धत अशा अनेक शैलींची ओळख करून दिली जाणार आहे, असे आपण कळवले आहे. ‘धड एकही गोष्ट न शिकता तिच्या हाती काय लागणार?’ असा आपला प्रश्न आहे.

कोणतीही शैली दोन आठवड्यांत येत नाही, ही आपली शंका रास्तच आहे. मात्र प्रत्येक शैली नटाकडे काय वेगळे मागते, हे अशा शिबिरात कळू शकते. तमाशातल्या बतावणीतील, म्हणजे विनोदी प्रसंगातील, संवाद बरेचदा आयत्या वेळी रचले जातात, त्यामुळे समोरच्याचे बोलणे कान देऊन ऐकले नाही तर उत्तर सुचतच नाही. संगीत नाटकात गद्य संवादाचा शेवट पदाच्या सुराशी अशा बेताने आणावा लागतो, की पद उपरे वाटू नये. ब्रेख्तच्या पद्धतीत भूमिकेत बुडून न जाता तिच्याकडे तटस्थपणे पाहावे लागते. आणि मुखवटा चढवला की चेहऱ्याची सारी मदत संपून मान, खांदे व पावले यांवरच भिस्त राहते. स्नेहसंमेलनात पाठांतराच्या बळावर टाळ्या मिळवलेल्या मुलांची येथे बहुधा तारांबळ उडते, आणि ती उडावीच.

शैलींचे हे ज्ञान केवळ हौसेपुरते नाही. 1972 साली पुण्यात रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये ओळीने उभ्या राहिलेल्या नटांचाच पडदा झाला, तो लोकनाट्याच्या रीती आधुनिक नाटकात मुरवल्यामुळेच.

शुल्क भरण्यापूर्वी आयोजकांना रोजचे वेळापत्रक मात्र अवश्य विचारावे. समारोपाच्या प्रयोगाच्या तालमी पहिल्याच आठवड्यात सुरू होणार असतील, तर ते शिबिर शैलींचे नव्हे, पालकांना खूश करण्याचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मुलगी घरी आल्यावर कशाविषयी बोलते, याकडेही लक्ष द्यावे. काही मुलांना अभिनयापेक्षा नेपथ्य किंवा प्रकाशयोजना अधिक भावते.

विज्ञान शाखा सोडण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवून बारावी पूर्ण होऊ द्यावी. त्यानंतर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्यशिक्षणाची सोय आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातील तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवी आणि नाट्यप्रयोगांचा अनुभव, दोन्ही लागतात. तिचा ओढा तिकडे असेल, तर पदवीसाठी महाविद्यालय निवडताना तेथील मुले पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी दरवर्षी एकांकिका बसवतात का आणि नव्या विद्यार्थ्यांना त्यात काम मिळते का, याची चौकशी आधी करावी.