सेवा केंद्रातला रोजचा टायपिंगचा त्रास: कोणतं काम कॉम्प्युटरला द्यावं, कोणतं देऊ नये

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दारव्ह्याकडे गावात सेवा केंद्र आहे, दहावी-बारावीचा निकाल लागला की दाखल्यांची आणि त्याच सुमारास पीकविम्याची गर्दी होते, दिवसभर तेच पत्ते टाइप करावे लागतात, फोटोचा आकार मोठा म्हणून फॉर्म परत येतो, आणि शेतकऱ्यांच्या यादीत नाव डोळ्यांना दिसतं पण शोधलं की सापडत नाही. शिवाय कोणीतरी 'सगळे फॉर्म आपोआप भरणारं' एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम) विकायला आलं आहे, ते घ्यावं का?

एक्स्टेन्शनबद्दल शेवटी लिहितो. आधीच्या तिन्ही गोष्टींना एक पैसा लागत नाही.

पत्त्यांसाठी ऑटोहॉटकी हा लघुरूपाच्या जागी पूर्ण मजकूर टाकणारा प्रोग्राम घ्या. मोफत आहे, विंडोजवर चालतं. आवृत्ती २ च घ्या, ती २०२२ च्या डिसेंबरात आली. जुन्या व्हिडिओंमधले नमुने बहुतेक आवृत्ती १ चे असतात आणि ते २ मध्ये जसेच्या तसे चालत नाहीत, म्हणून नमुना उचलताना तेवढं पाहून घ्या. करायचं एवढंच: नोटपॅडमध्ये एका ओळीत दोन कोलन, मग तुमचं लघुरूप, पुन्हा दोन कोलन आणि त्यापुढे पूर्ण मजकूर. ही फाइल म्हणजेच तुमची स्क्रिप्ट; सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नावाच्या शेवटी .ahk लावा आणि तिच्यावर डबल क्लिक करा. आता इंग्रजी कीबोर्डवर राहूनच तीन अक्षरं आणि स्पेस दाबली की 'मु. पो. अमुक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ' असं अस्सल युनिकोड मराठीत उमटतं. कीबोर्ड मराठी-इंग्रजी करत बसायची गरजच राहत नाही, आणि माझ्या मते वेळ सगळ्यात जास्त इथेच वाचतो. लघुरूप मात्र असं निवडा की ते खऱ्या शब्दात कधी येणार नाही. एकच अक्षर दोनदा आणि मग गावाचं पहिलं अक्षर, ही पद्धत चांगली चालते. इनस्क्रिप्ट (विंडोजमधला मराठी कीबोर्ड) चालू ठेवूनच काम करत असाल तर लघुरूपही देवनागरीत लिहा, कारण हा प्रोग्राम उमटलेलं अक्षर पाहतो.

मजकुराच्या मध्ये महिरपी कंसात टॅब लिहिला तर कर्सर पुढच्या रकान्यात जातो, म्हणजे गाव, पोस्ट, पिनकोड एका दमात भरता येतात. पण हे साध्या रकान्यांपुरतंच ठेवा. जिल्हा निवडल्यावर तालुक्याची यादी सर्व्हरवरून येते, तालुका निवडला की गावांची. आपल्याकडचं नेट पाहता यादी यायच्या आत स्क्रिप्ट पुढे गेलेली असते आणि मजकूर भलत्याच रकान्यात पडतो. जिथे यादी उघडते तिथे हातानेच निवडा. स्क्रिप्ट रोज आपोआप सुरू व्हावी म्हणून विंडोज आणि आर दाबून 'शेल कोलन स्टार्टअप' उघडा आणि त्या फोल्डरमध्ये तिचा शॉर्टकट टाका.

फोटोचं काम याहून सोपं आहे. इमेजमॅजिक नावाचा मोफत प्रोग्राम टाका. त्याची आवृत्ती ७ घ्या, तिची आज्ञा 'मॅजिक' अशी आहे. जुन्या आवृत्तीची आज्ञा 'कन्व्हर्ट' होती, आणि त्याच नावाचा विंडोजचा स्वतःचा, डिस्कचं फॉरमॅट बदलणारा प्रोग्राम असल्यामुळे लोकांचा फार गोंधळ व्हायचा. आता एक बॅच फाइल (आज्ञा लिहिलेली, .bat ने संपणारी साधी फाइल) करा, आत एकच ओळ: मॅजिक, मग अवतरणात टक्क्याचं चिन्ह, टिल्ड आणि एक (म्हणजे तुम्ही निवडलेला फोटो), मग ऑटो-ओरिएंट, मग रिसाइझ ६००, मग डिफाइन जेपेग कोलन एक्स्टेंट बरोबर ४५ केबी, आणि शेवटी नव्या फाइलचं नाव. ऑटो-ओरिएंट, रिसाइझ आणि डिफाइन या तिन्हींच्या आधी वजा चिन्ह लागतं. नव्या नावासाठी टक्का, टिल्ड, डीपीएन आणि एक असं सलग लिहिलं की मूळ फोल्डर आणि मूळ नाव मिळतं; पुढे इंग्रजीत एखादी खूण आणि .jpg जोडा, आणि हे सगळं अवतरणात ठेवा. मूळ फोटो तसाच राहतो. फॉर्मची मर्यादा ५० केबी असली तरी ४५ ठेवा, थोडी जागा असलेली बरी. ऑटो-ओरिएंट गाळू नका. मोबाइल पुष्कळदा फोटो आडवाच साठवतो आणि 'हा उभा दाखवा' एवढी नोंद फाइलमध्ये ठेवतो. ती नोंद न वाचणाऱ्या पोर्टलवर माणूस आडवा दिसतो.

ही बॅच फाइल 'शेल कोलन सेंडटू' या फोल्डरमध्ये ठेवा. मग फोटोवर उजवं क्लिक, सेंड टू, आणि तिचं नाव. विंडोज ११ मध्ये सेंड टू लपलेलं असतं. शिफ्ट दाबून उजवं क्लिक केलं की जुना मेनू येतो. बॅच फाइलच्या आत मराठी अक्षर लिहू नका, तिथे अक्षरं बिघडायची भानगड होते.

आता नावं न सापडण्याचं. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण यामुळे एखाद्या शेतकऱ्याला 'तुमचं नाव यादीत नाही' असं सांगून परत पाठवलं जातं, आणि नाव तर तिथेच असतं.

'कुऱ्हा' हे गावाचं नाव घ्या. यातला ऱ्ह कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारे साठतो. इनस्क्रिप्टवर शिफ्ट धरून जे दाबलं की ऱ हे स्वतंत्र अक्षर येतं, त्याला हलन्त जोडून ह. दुसऱ्या काही टायपिंग साधनांत साधा र, मग हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि मग ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण एक्सेलमध्ये लांबी मोजणारं लेन हे सूत्र लावून पाहा: पहिल्या 'कुऱ्हा'ची लांबी ६ येते, दुसऱ्याची ७. कॉम्प्युटरच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून शोध लागत नाही आणि व्हीलुकअप (एका यादीतलं नाव दुसरीत शोधणारं सूत्र) #N/A दाखवतं. वऱ्हाड, शेतकऱ्यांची, गोऱ्हे, सगळीकडे हेच.

उपाय असा. शेजारी एक रकाना घ्या आणि त्यात सबस्टिट्यूट (एका मजकुराच्या जागी दुसरा ठेवणारं) सूत्र लावा. शोधायचं काय, तर (युनिकॅर हे सूत्र क्रमांकावरून अक्षर देतं) युनिकॅर २३५२, युनिकॅर २३८१ आणि युनिकॅर ८२०५ हे तिन्ही अँड चिन्हाने जोडून. त्या जागी ठेवायचं युनिकॅर २३५३ आणि युनिकॅर २३८१. युनिकॅर एक्सेल २०१३ पासून आहे. याच सूत्रावर आणखी एक सबस्टिट्यूट चढवा आणि युनिकॅर १६० च्या जागी साधी स्पेस द्या, कारण वेबपेजवरून कॉपी केलेल्या नावांच्या मागे ही वेगळी स्पेस चिकटून येते आणि जादा स्पेस काढणाऱ्या ट्रिम सूत्राने ती जात नाही. सगळ्यात बाहेर ट्रिम. मग रकाना कॉपी करून व्हॅल्यूज म्हणून पेस्ट करा. दोन याद्या जुळवायच्या असतील तर दोन्हींवर हे करा. एकीवर करून उपयोग नाही.

यादी कृतीदेव किंवा तशा जुन्या फॉन्टमधली असेल तर यातलं काहीच लागू नाही. तिथे फाइलमध्ये मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरांवर मराठी चित्रं चढवलेली असतात. आधी ती युनिकोडमध्ये रूपांतरित करा आणि रफार व जोडाक्षरं एकेक नजरेखालून घाला.

ब्राउझरसाठी टॅम्परमंकी नावाच्या एक्स्टेन्शनमध्ये स्वतःच्या छोट्या स्क्रिप्ट लिहिता येतात: पोर्टलची अक्षरं मोठी करणं, जिल्ह्याच्या जागी यवतमाळ आधीच निवडून ठेवणं. क्रोमच्या नव्या आवृत्त्यांत एक्स्टेन्शनच्या तपशिलात जाऊन 'यूझर स्क्रिप्ट्स'ला वेगळी परवानगी द्यावी लागते, नाहीतर सगळं बरोबर लिहूनही काही हलत नाही. पण एक जागा सोडून द्या. बँक खातं क्रमांक दोनदा टाइप करायला लावतात आणि तिथे पेस्ट बंद असतं. ते बंद तोडणाऱ्या स्क्रिप्ट सहज मिळतात. वापरू नका. पहिल्या रकान्यात चुकलेला आकडा दुसऱ्यातही तसाच जाईल, फॉर्म आनंदाने स्वीकारला जाईल आणि विम्याचे पैसे भलत्याच्या खात्यात पडतील. ते परत मिळवायला त्या माणसाला किती खेटे घालावे लागतात हे तुम्हाला सांगायला नको. कॅपचा, ओटीपी आणि अंगठा यांनाही हात लावू नका.

काही बारीक गोष्टी. लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही, म्हणून वर्ड आणि एक्सेलमधली ऑटोरिकव्हरची (आपोआप प्रत जतन होण्याची) वेळ १० मिनिटांवरून १ वर आणा. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करता तर विंडोजच्या सेटिंगमध्ये त्या नेटवर्कला 'मीटर्ड' (डेटा मोजून वापरायचं) ठरवा, म्हणजे विंडोजचे बहुतेक अपडेट ऐन गर्दीत डेटा खाणार नाहीत. विंडोज आणि व्ही दाबून मिळणारा क्लिपबोर्ड इतिहास सोयीचा आहे, पण केंद्रातल्या कॉम्प्युटरवर बंदच ठेवा. त्यात लोकांचे आधार क्रमांक राहून जातात.

आता ते विकत मिळणारं एक्स्टेन्शन. टाकताना ते 'सर्व वेबसाइटवरील सर्व डेटा वाचणे आणि बदलणे' ही परवानगी मागेल. म्हणजे तुमचा लॉगिन पासवर्ड, समोरच्या बाईचा आधार क्रमांक, तिचं खातं, सगळं ते वाचू शकतं. स्टायलिश नावाचं वेबसाइटचं रूप बदलणारं एक्स्टेन्शन फार लोकप्रिय होतं. मालकी बदलल्यावर ते वापरणाऱ्यांचा ब्राउझिंग इतिहास गोळा करत होतं हे २०१८ च्या जुलैमध्ये उघड झालं आणि फायरफॉक्स व क्रोम दोघांनीही ते तेव्हा काढून टाकलं. म्हणजे आज चांगलं असलेलं एक्स्टेन्शन उद्या कोणाच्या हाती जाईल हे आपल्या हातात नसतं. वर दिलेल्या ऑटोहॉटकीच्या ओळी तुम्ही स्वतः वाचू शकता, बॅच फाइलची एक ओळही वाचू शकता. त्या माणसाचं एक्स्टेन्शन तुम्ही वाचू शकत नाही. घेऊ नका. दाखवायला म्हणून त्याने तुमच्या कॉम्प्युटरवर आधीच टाकून दिलं असेल तर आजच काढा आणि पोर्टलचा पासवर्ड दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बदला.