वाचकांचे प्रश्न: ड्रमर पुण्याला जाण्याआधी

प्रश्न: आमचा चौघांचा रॉक बँड आहे. ड्रमरला पुण्यात नोकरी लागली, तो 20 दिवसांत निघतोय. स्वतःची पाच गाणी बसवलेली आहेत. हाताशी एक कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारा) मायक्रोफोन आणि एक साधा गाण्याचा मायक्रोफोन, दोन इनपुटांचा इंटरफेस (मायक्रोफोन लॅपटॉपला जोडणारी पेटी), लॅपटॉप आणि जुन्या घरातला रिकामा हॉल एवढंच आहे. सुरुवात कुठून करावी? (परभणी)

उत्तर: ड्रमपासून. गिटार, बेस आणि गायन दिवाळीनंतर केलं तरी चालेल, पण या माणसाचा हात पुन्हा मिळणार नाही. म्हणून हे 20 दिवस पूर्णपणे ड्रमला द्या.

पहिले दहा दिवस तालमीचे. प्रत्येक गाण्याची लय क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या ठरावीक गतीच्या टिकटिकीवर, पक्की करा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. ध्रुवपद जरा पळायला हवं असेल तर तिथे लय दोन-तीन बीपीएमनी (मिनिटाला पडणारे ठोके) वाढवा, पण ठरवून. मग त्याच क्लिकवर एक गिटार आणि कच्चं गायन रेकॉर्ड करा, म्हणजे ड्रमर ते कानात ऐकत वाजवेल. त्यात सुरुवातीला दोन बार (तालाची आवर्तनं) मोजलेले असू द्या. ते राहून गेले तर नंतर बेस वाजवणाऱ्याला पहिला ठोका कुठे पडतो ते कळत नाही.

हॉलमध्ये एक टाळी वाजवून बघा. शहाबादी फरशी आणि गिलावा केलेल्या समोरासमोरच्या भिंती असतील तर टाळीमागे ‘टर्रर्र’ असा आवाज येतो. तो स्नेअरला (काड्यांनी वाजणाऱ्या करकरीत ड्रमला) चिकटला की मिक्सिंगमध्ये, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना, निघत नाही. ड्रमखाली जाड सतरंजी घाला. दोन भिंतींना कापसाच्या गाद्या भिंतीपासून वीतभर अंतर सोडून उभ्या करा. मधल्या पोकळीमुळे गादी खालच्या पट्टीतला आवाजही जास्त शोषते. अंड्यांचे ट्रे चिकटवण्यात वेळ घालवू नका. ते फक्त वरच्या पट्टीतला थोडा आवाज खातात आणि शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज मुळीच अडवत नाहीत.

साधा मायक्रोफोन किकला (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला) लावा. पुढच्या पडद्याला भोक असेल तर त्याच्या तोंडाशी, नसेल तर पडद्यापासून 10 सेंटीमीटरवर. आत एक उशी मागच्या पडद्याला जेमतेम टेकेल अशी ठेवा. कंडेन्सर वर, किक आणि स्नेअरच्या मधोमध, स्नेअरपासून साधारण 1 मीटरवर. सिंबल (धातूच्या थाळ्या) फार बोचत असतील तर तो उंच करण्याआधी ड्रमरला सिंबल हलके मारायला सांगा. दोन मायक्रोफोनच्या रेकॉर्डिंगमध्ये अर्धं मिक्सिंग ड्रमरच्या मनगटातच होतं.

आवाजाला 1 मीटर जायला सुमारे 3 मिलिसेकंद लागतात, म्हणून किक वरच्या मायक्रोफोनला उशिरा पोचते. दोन्ही ट्रॅक एकत्र ऐका, एकाची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) सॉफ्टवेअरमध्ये उलटी करून पुन्हा ऐका आणि ज्यात किक भरदार वाटेल तेच ठेवा. हे पहिल्या टेकच्या (गाण्याच्या एका सलग रेकॉर्डिंगच्या) आधीच तपासा.

24 बिट, 48 किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा. सर्वांत जोरातला ठोका उणे 10 डेसिबलच्या आसपास राहू द्या. ड्रमर तपासणीत जपून वाजवतो आणि खऱ्या टेकमध्ये उसळतो, म्हणून ही जागा लागते. मीटरच्या कमाल मर्यादेला, म्हणजे शून्याला, टेकून फाटलेला स्नेअरचा आवाज दुरुस्त होत नाही. चार मिनिटांच्या गाण्याचे दोन ट्रॅक सुमारे 69 एमबी होतात. पाच गाण्यांचे चार-चार टेक धरले तर 1.4 जीबी. तेव्हा एकही टेक पुसू नका आणि त्याच दिवशी दुसऱ्या ड्राइव्हवर प्रत काढा.

उन्हाळा असेल तर सकाळी 6 ते 10 हीच वेळ. कूलर चालू ठेवून रेकॉर्डिंग होत नाही आणि बंद केला की हॉल तापतो. अर्धा तास वाजवा, दहा मिनिटं दारं उघडा. गिटारच्या तारा तापल्या की उतरतात, म्हणून सोबत गिटार वाजत असेल तर प्रत्येक टेकआधी ट्यूनर लावा.

गाण्याच्या शेवटी सिंबल विरत असताना हेडफोनमधली क्लिक वरच्या मायक्रोफोनमध्ये ‘टिक टिक’ ऐकू येते. हा घोटाळा बहुतेकांना घरी गेल्यावर कळतो. शेवटच्या ठोक्यानंतर क्लिक बंद होईल असं आधीच लावून ठेवा.

ड्रमर निघण्याच्या आदल्या दिवशी एक तास राखून ठेवा. किक, स्नेअर, प्रत्येक टॉम आणि सिंबल यांचे सुटे ठोके हळू ते जोरात असे पाच-पाच घ्या आणि प्रत्येक ठोका पूर्ण विरू द्या. मायक्रोफोन जागचे हलवू नका. शेवटी हॉलची 30 सेकंदांची शांतता रेकॉर्ड करा. पुढे एखादा ठोका निसटलेला सापडला तर दुरुस्तीला हेच कामी येईल.

प्रश्न: गिटार जोडली की घर्रर्र असा आवाज येतो. तारांना हात लावला की कमी होतो. गिटार बिघडली का? (नांदेड)

उत्तर: बहुधा नाही. हात लावल्यावर आवाज कमी होतो, कारण तुमचं अंग हवेतला विजेचा गोंगाट पकडून पिकअपजवळ (तारांचं कंपन टिपणाऱ्या गिटारवरच्या भागाजवळ) आणत असतं आणि स्पर्शाने तो तारांमार्गे जमिनीत जातो. म्हणजे तारांची जोडणी शाबूत आहे. आधी ट्यूबलाइट, डिमर आणि मोबाइलचा चार्जर बंद करून बघा. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा. त्याने आवाज गेला तर दोष चार्जरच्या बाजूला आहे. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर काम करत असाल तर तो साइन वेव्हचा आहे का ते पाहा. स्क्वेअर वेव्ह असेल तर गुणगुण येणारच.

तरीही 50 हर्ट्झचा जाड घुमारा राहिला तर घराचं अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्या. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि रोध वाढतो. खड्ड्यात रोज बादलीभर पाणी घातल्याने फरक पडतो. काही जण अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. आवाज जातो खरा, पण अँपमध्ये बिघाड झाला तर विजेचा धक्का थेट तारांवरच्या बोटांना बसतो. ते कधीही करू नका.

प्रश्न: छत्रपती संभाजीनगरला एका दिवसासाठी स्टुडिओ घेतोय. किती गाणी होतील? (जालना)

उत्तर: आठ तासांत तीन गाण्यांचे ड्रम आणि बेस. ड्रम लावून मायक्रोफोन बसवण्यात दोन तास जातात. बीटल्सनी पहिल्या अल्बमची 10 गाणी 11 फेब्रुवारी 1963 या एका दिवसात रेकॉर्ड केली हे खरं, पण त्याआधी त्यांनी शेकडो कार्यक्रम केले होते. तुम्ही ड्रमचे नवे पडदे आणि गिटारच्या नव्या तारा दोन दिवस आधी चढवा. त्याच सकाळी चढवल्यात तर दिवसभर उतरत राहतील.

प्रश्न: आमचा गिटारवादक चार महिन्यांत बँड सोडून गेला. आता म्हणतो, माझं वाजवलेलं वापरू नका. हक्क कुणाचा? (लातूर)

उत्तर: 1957च्या कॉपीराइट कायद्यात हे हक्क वेगवेगळे आहेत. शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रणाचा ते घडवून आणण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणाऱ्या निर्मात्याचा. शिवाय वाजवणाऱ्याला कलावंत म्हणून वेगळा हक्क आहे. तेव्हा त्याचं म्हणणं उडवून लावू नका. त्याने रेकॉर्डिंगला लेखी संमती दिली होती का आणि मुख्य धून त्याने रचली होती का, हे आधी बघा. धून त्याची असेल तर चालीतही त्याचा वाटा येतो. त्याच्याशी बोलून आता तरी कागद करा. प्रत्येक गाण्याचं नाव, शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणाचा किती टक्के वाटा, रेकॉर्डिंगचा खर्च कुणी केला आणि वापराची परवानगी, एवढं लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. हक्क लिहून देताना मुदत आणि प्रदेश नोंदवायला विसरू नका. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. इंटरनेटवर टाकायची गाणी असल्याने ‘संपूर्ण जग’ हे शब्द कागदावर हवेतच. तो तयार नसेल तर त्याचा गिटार ट्रॅक काढून तो भाग दुसऱ्याकडून वाजवून घेता येतो, पण चाल त्याची असेल तर तेवढ्याने सुटका होत नाही.